सगळंच सीपीयूने का करायचं?

नाशिकमध्ये घरोघरी पोचलेलं इंटरनेट बऱ्याचदा एखाद्या जुन्या केबलवाल्याच्या हातून आलेलं असतं. नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश लावून चॅनेलं वाटणारी माणसंच पुढे खांबाखांबावरून फायबर ओढू लागली. अशा ऑपरेटरांची, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची आणि काही महाविद्यालयांची नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. त्यात एक तक्रार सतत कानावर येते: "लाइन तर जीबीची घेतली, पण संध्याकाळी नेट रांगतं." लाइन बहुतेक वेळा बिचारी ठीक असते. दमलेला असतो तो राउटरमधला प्रोसेसर.

राउटरचं काम तसं रटाळ आहे. पॅकेट आलं की त्यावरचा पत्ता वाचायचा, वाट शोधायची, खासगी पत्ता पुसून सार्वजनिक पत्ता घालायचा (यालाच नॅट म्हणतात), चेकसम नव्याने काढायची आणि पुढे ढकलायचं. सेकंदाला लाखो वेळा हेच. प्रोसेसर कुठलंही काम करू शकतो, म्हणून यातलं प्रत्येक काम तो सूचना वाचत वाचत करतो. त्या एकाच कामासाठी बनवलेली चिप तेच काम न थकता करते. प्रोसेसरकडून काढून हे काम चिपकडे सोपवणं म्हणजे हार्डवेअर ऑफलोड. मोठ्या कंपन्यांच्या राउटरांत हे फार आधी आलं. ज्युनिपरने १९९८ साली आणलेला एम४० याच जोरावर गाजला. नाशिकच्या ऑपरेटरच्या खिशाला परवडतील अशा डब्यांत मात्र ते अलीकडच्या काही वर्षांत उतरलंय. आणि उतरल्यापासून त्याबद्दलचे गैरसमजही तितकेच वाढलेत. म्हणून हे चार शब्द.

१. मेगाबिट नंतर, आधी पॅकेटं मोजा

इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीची खूणगाठ आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरली तर तारेवर ती ८४ बाइट खाते. या हिशोबाने १० गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं जाऊ शकतात. तीच तार १५०० बाइट भरलेल्या मोठ्या पॅकेटांनी भरायला मात्र जेमतेम ८ लाख १२ हजार पॅकेटं पुरतात. राउटरला मेहनत पडते ती पॅकेटमागे. आत माल किती भरलाय याने त्याला फारसा फरक पडत नाही.

लहान पॅकेटांच्या धारेत एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हे क्लॉकचे दोनशे ठोके. हवी ती नोंद कॅशमध्ये सापडली नाही आणि मुख्य मेमरीपर्यंत एक खेप झाली, की तेवढ्यातच हा वेळ संपतो. वाट शोधणं, नॅट, फायरवॉल अजून बाकीच असतात.

स्पीड टेस्ट नेमकी मोठ्या पॅकेटांची असते. त्यामुळे ग्राहक फोनवर म्हणतो की टेस्टला १०० दाखवतंय, पण गेम अडकतोय आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतोय, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. आवाज, गेम, डीएनएसची विचारणा, डाउनलोड होताना उलट दिशेने जाणाऱ्या पोचपावत्या, ही सगळी लहान पॅकेटं. राउटर गुदमरतो तो यांच्याच गर्दीत. ऑपरेटरच्या ग्राफवर मात्र फक्त मेगाबिटची रेघ असते, आणि ती रेघ निम्म्यावर असतानाच राउटर पॅकेटं टाकायला लागलेला असतो. माझ्याकडच्या प्रत्येक ग्राफवर आता पॅकेटांची रेघ शेजारी असते. दोन्ही रेघा एकत्र पाहिल्याशिवाय मी कुणाला नवा राउटर घ्यायला सांगत नाही.

खरेदी करताना कंपनीच्या चाचणीचा तक्ता वाचायला शिका. मायक्रोटिक आपल्या राउटरांचे आकडे ६४, ५१२ आणि १५१८ बाइटसाठी वेगवेगळे छापते. शिवाय कुठलाही नियम नसताना आणि २५ फिल्टर नियम असताना असे निराळे. दुकानदार बोट ठेवतो तो १५१८ बाइटच्या, नियमाविनाच्या आकड्यावर. तुम्ही ५१२ बाइटच्या आणि २५ नियमांच्या रकान्यावर बोट ठेवा. तुमच्याकडे संध्याकाळी आठ वाजता जे होणार आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

२. पहिलं पॅकेट महाग पडतं

ऑफलोडची मेख इथे आहे. कुणी एखादा व्हिडिओ लावला की त्या जोडणीचं पहिलं पॅकेट प्रोसेसरकडेच जातं. फायरवॉलचे नियम तपासले जातात, नॅटची नोंद होते, वाट ठरते. मग हा निर्णय चिपच्या तक्त्यात लिहिला जातो आणि पुढची हजारो पॅकेटं प्रोसेसरला न भेटता चिपमधूनच निघून जातात. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव एकदाच होतो. भाव ठरला, चिठ्ठी हातात पडली, की ट्रॅक्टर वजन करून सरळ व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे कुणी पुन्हा बोली लावत बसत नाही. तसंच हे. लिनक्समध्ये २०१८ साली, कर्नल ४.१६मध्ये, फ्लोटेबल नावाने हीच सोय आली. आधी ती सॉफ्टवेअरपुरती होती, पुढच्या आवृत्त्यांत तोच तक्ता चिपमध्ये उतरवण्याची वाट मिळाली.

आता यातून काय निघतं ते पाहा. तासाभराचा चित्रपट म्हणजे थोड्या जोडण्या आणि लाखो पॅकेटं. चिपसाठी याहून सोपं गिऱ्हाईक नाही. डीएनएसची विचारणा म्हणजे एक पॅकेट जातं, एक येतं, काम संपतं. तिथे पहिलं पॅकेट हेच शेवटचं. चिपमध्ये नोंद उतरेपर्यंत जोडणी संपलेली असते, वर ती नोंद मुदत संपेपर्यंत तक्त्यात जागा अडवून बसते. म्हणजे ऑफलोड चालू केल्यावर चित्रपट पाहणारे खूश होतात, आणि डीएनएसचा लोंढा होता तसाच प्रोसेसरच्या डोक्यावर राहतो.

यावरचा उपाय राउटरच्या बाहेर आहे. डीएनएसचा सर्व्हर आपल्याच नेटवर्कमध्ये, नॅटच्या अलीकडे ठेवायचा. ग्राहकांच्या विचारणा तिथेच मिटतात, नॅटची नोंदच होत नाही. आणि त्या वाहतुकीला जोडण्यांच्या नोंदवहीतून नियम लिहून वगळायचं. खर्च जवळपास शून्य. जुना एखादा सर्व्हर पुरतो. सांगतो सगळ्यांना, करतात मोजके. नव्या राउटरचं खोकं फोडण्यात जी मजा आहे ती डीएनएस सर्व्हर लावण्यात नाही, हे मलाही मान्य आहे.

३. सेटिंगमध्ये "चालू" दिसलं म्हणजे चालू असतंच असं नाही

एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांच्यात फाइल पाठवायला इतका वेळ लागायचा की मुलं पेनड्राइव्ह घेऊन पळायची. स्विच चांगला, गिगाबिटचा, आत स्विचिंगची चिप. मग अडलं कुठे? आधी कुणीतरी सोयीसाठी त्यावर दोन ब्रिज बनवले होते. त्या मालिकेतल्या स्विचांत एकाच ब्रिजला चिप मिळते. दुसऱ्या ब्रिजमधलं प्रत्येक पॅकेट गुपचूप प्रोसेसरकडून जातं. आणि स्विचमधला प्रोसेसर हा व्यवस्थापनापुरताच दिलेला असतो, अगदी लहानखुरा. कुठे लाल दिवा लागत नाही, चुकीचा संदेश येत नाही. सगळं चालतं, फक्त हळू.

दोन ब्रिजऐवजी एकाच ब्रिजवर व्हीलॅन केले आणि पेनड्राइव्हची पळापळ थांबली. तेव्हापासून कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की पोर्टच्या यादीतला "एच" (हार्डवेअर ऑफलोडची खूण) आधी शोधतो. ज्या पोर्टसमोर ते अक्षर नाही, त्याचा माल प्रोसेसर वाहतोय.

४. जे चिपला दिलं ते तुमच्या नजरेआड गेलं

हा धडा सर्वांत महागात पडणारा आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंदिरानगरकडच्या एका ऑपरेटरच्या मुलाने एके दुपारी राउटरवर फास्टट्रॅकचा, म्हणजे ओळखीच्या जोडण्यांना जवळच्या वाटेने सोडण्याचा, नियम लावला. प्रोसेसरचा भार झरकन उतरला. मुलाचा उत्साहाने फोन: "काका, सीपीयू पार खाली आला! उगाच नवीन राउटर घ्यायला निघालो होतो." संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन: "अहो, वरची लाइनच भरली. सगळ्यांचंच बंद पडल्यासारखं झालंय. राउटर गेला का?"

राउटर शाबूत होता, गेले होते प्लॅन. मायक्रोटिकमध्ये फास्टट्रॅक झालेली पॅकेटं फायरवॉलचे पुढचे नियम आणि सिंपल क्यू हे दोन्ही टाळून जातात. तसं त्याच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. पीपीपीओईच्या (लॉगिन करून जोडल्या जाणाऱ्या) प्रत्येक ग्राहकाला लावलेली वेगाची मर्यादा म्हणजे सिंपल क्यूच. त्यामुळे ४० मेगाबिटवाल्यालाही वाट मोकळी, १०० वाल्यालाही मोकळी. दिवसा कुणाच्या लक्षात आलं नाही, उलट दोन-चार ग्राहकांनी कौतुकाचे मेसेज पाठवले. रात्री सगळे घरी आले आणि वरच्या पुरवठादाराकडून घेतलेली लाइन तुडुंब भरली.

म्हणजे प्रोसेसर जो भार वाहत होता त्यात मोठा वाटा वेगाला लगाम घालण्याचा होता. ते काम कुणीतरी करायलाच हवं. आम्ही ते ओएलटीवर, म्हणजे फायबरच्या ऑपरेटरकडच्या टोकाला असलेल्या यंत्रावर, नेलं. जीपॉनच्या ओएलटीत प्रत्येक घरच्या ओएनटीला (ग्राहकाकडच्या फायबरच्या डब्याला) वेगाची मर्यादा लावता येते आणि ती तिथल्या चिपमध्येच पाळली जाते. मग राउटरवर फास्टट्रॅक निर्धास्त ठेवता आला. काम एका प्रोसेसरवरून काढताना ते कुठल्या चिपवर जाणार, हे आधी कागदावर लिहायचं. चालू-बंद करून बघू, ही पद्धत संध्याकाळपर्यंतच टिकते.

दुसरी बाजू नोंदींची. दूरसंचार विभागाच्या परवान्यानुसार कुठला ग्राहक कुठल्या वेळी कुठल्या सार्वजनिक पत्त्याआड होता, याची नॅटची नोंद ऑपरेटरला जपून ठेवावी लागते. जोडणी सुरू होतानाचं पॅकेट प्रोसेसरकडे येतं, त्यामुळे ती नोंद ऑफलोडनंतरही होते. मात्र त्या जोडणीतून किती माल गेला, हा आकडा काही डब्यांत प्रोसेसरला कळतच नाही. पोलिसांचं पत्र आल्यावर हे तपासायला बसू नका, आधीच एक खोटी तक्रार काढून स्वतःच्या नोंदी शोधून पाहा.

तिसरी गंमत नव्या मुलांना हमखास चकवते. सर्व्हरवर टीसीपीडम्प लावलं की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटपुढे "चेकसम चुकीची" असं येतं. पोरगं घाबरून केबल बदलतं, कार्ड बदलतं. खरं कारण असं की चेकसम काढण्याचं काम कर्नलने नेटवर्क कार्डावर सोपवलेलं असतं आणि टीसीपीडम्प पॅकेट पाहतं ते कार्डाच्या आधी. तिथे १५०० बाइटच्या मर्यादेपेक्षा कितीतरी मोठी पॅकेटंही दिसतात, कारण त्यांचे तुकडे करण्याचं कामही कार्डाकडेच आहे. तारेवर खरोखर काय गेलं ते पाहायचं असेल तर स्विचचा पोर्ट मिरर करा आणि दुसऱ्या यंत्रावर बघा.

५. नवं घेण्याआधी आहे त्या कार्डाला कामाला लावा

संगणकाला राउटर बनवून चालवणारे ऑपरेटर आपल्याकडे बरेच आहेत. आठ कोअरचा प्रोसेसर, १० गिगाबिटचं कार्ड, आणि तरी रात्री नऊला पॅकेटं गळतात. एकूण सीपीयू पाहिला तर १५ टक्के. कोअरनिहाय पाहिला तर एक कोअर शंभरावर आणि उरलेले सात निवांत.

चांगल्या नेटवर्क कार्डात आलेली पॅकेटं वेगवेगळ्या रांगांत वाटण्याची सोय असते, तिला आरएसएस म्हणतात. एकेक रांग एकेका कोअरला. वाटणी होते ती पॅकेटवरच्या आयपी पत्त्यांवरून. पण पीपीपीओईमध्ये आयपी पॅकेट आणखी एका वेष्टनात असतं, आणि बऱ्याच जुन्या कार्डांना ते वेष्टन उघडता येत नाही. आतला पत्ता दिसला नाही की कार्ड सगळी पॅकेटं मुकाट्याने एकाच रांगेत टाकतं. आपल्याकडे घरगुती ब्रॉडबँड बहुतांशी पीपीपीओईवर चालतं, म्हणून हा रोग इथे फार. लिनक्सची आरपीएस ही सोय वापरून वाटणी सॉफ्टवेअरने करता येते. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण सातही कोअर जागे होतात. त्यानंतरही पुरलं नाही तर मग वेष्टन उघडता येणारं कार्ड घ्या. अनेकांना ते घ्यावंच लागलं नाही.

६. चिपच्या तक्त्याला तळ असतो

प्रोसेसरच्या मेमरीत नोंदी वाढवायच्या तर रॅम वाढवता येते. चिपमधला तक्ता कारखान्यात ठरतो तो ठरतो. १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगाच्या इंटरनेटवरच्या मार्गांची संख्या ५ लाख १२ हजारांच्या पुढे गेली. सिस्कोच्या ६५०० आणि ७६०० मालिकेतल्या अनेक राउटरांच्या चिपमधला आयपीव्ही४ चा कप्पा मूळ सेटिंगप्रमाणे नेमका तेवढाच होता. उरलेले मार्ग प्रोसेसरच्या गळ्यात पडले आणि त्या दिवशी जगभर ठिकठिकाणी इंटरनेट अडखळलं. कप्पा वाढवायची कमांड उपलब्ध होती, इशारेही आधी दिलेले होते. राउटर मात्र पुन्हा सुरू करावा लागत होता, म्हणून लोकांनी पुढे ढकललं होतं.

नाशिकच्या ऑपरेटरला जगाचे सगळे मार्ग ठेवायची बहुधा गरजच नसते. वर एक किंवा दोन पुरवठादार असतील तर मूळ मार्ग आणि मोजके खास मार्ग पुरेत. तरी कुणीतरी हौसेने अख्खा तक्ता मागवतो आणि स्वस्तातल्या लेयर-३ स्विचची चिप भरून जाते. जोडण्यांच्या तक्त्याचंही तेच. टीसीपीमध्ये निरोपाचं पॅकेट दिसतं, त्यावरून चिपमधली नोंद काढता येते. यूट्यूब ज्यावर चालतं त्या क्विकमध्ये हा निरोपही कुलूपबंद असतो, म्हणून मुदत संपेपर्यंत नोंद पडून राहते. डब्याची चिप किती मार्ग आणि किती जोडण्या धरते, हे दोन आकडे विकत घेण्याआधी लेखी मागा.

७. सगळंच देऊन मोकळं व्हायचा मोह आवरा

चेकसम, तुकडे करणं, रांगा वाटणं, ही कामं लहान, ठरावीक आणि आठवण न ठेवता करता येण्यासारखी आहेत. ती कार्डावर गेली आणि तिथेच टिकली. पूर्ण टीसीपीच कार्डावर चढवायचा प्रयत्नही झाला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३साठी चिमनी नावाने ती सोय आणली आणि पुढे सोडून दिली. लिनक्सच्या मुख्य कर्नलने तर ती कधी दारातच घेतली नाही. कारणं सरळ होती: टीसीपीत दोष सापडला तर कर्नल एका रात्रीत सुधारता येतो, कार्डातला दोष कंपनीच्या मर्जीवर, आणि प्रोसेसर इतक्या झपाट्याने वेगवान होत गेले की कार्डातली चिप मागे पडायची. जेफ्री मोगल यांनी २००३च्या एका शोधनिबंधात या कल्पनेची चांगलीच हजेरी घेतली होती. पण त्यांनी हेही म्हटलं की मोठ्या साठवणुकीच्या आणि थेट मेमरीतून मेमरीत जाणाऱ्या मालासाठी तिची वेळ आली आहे.

थेट मेमरीत पोचवण्याचं हे काम आपल्या पुण्यात झालेलं आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. सीडॅकने परम युवा हा महासंगणक २००८ साली उभा केला, तेव्हा त्यातले संगणक एकमेकांना जोडणारं पॅरामनेट-३ हे सीडॅकनेच बनवलेलं होतं: स्विचही त्यांचा आणि कार्डावर संवादाचं काम उचलणारा सहप्रोसेसरही त्यांचा. नोव्हेंबर २००८च्या जागतिक यादीत परम युवा ६९वा होता. मुंबईतही आयआयटीच्या मंडळींनी २०२०मध्ये टर्बोईपीसी नावाचं संशोधन मांडलं. मोबाइलच्या गाभा नेटवर्कमधले वारंवार येणारे काही निरोप मध्यवर्ती सर्व्हरपर्यंत न नेता वाटेवरच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या स्विचमध्ये आणि स्मार्ट कार्डातच निकाली काढायचे, ही त्यातली युक्ती. यातही सगळं दिलेलं नाही. ज्यांची माहिती एकाच ग्राहकापुरती असते तेवढेच निरोप निवडलेले आहेत. ही निवड मला त्या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर सारं घर बांधण्याचा धोकाही लक्षात असू द्या. टोफिनो नावाची चिप या क्षेत्रात गाजली, तिच्या कंपनीला इंटेलने २०१९मध्ये विकत घेतलं आणि २०२३मध्ये पुढचं काम थांबवलं. तिच्यावर प्रोग्रॅम लिहिलेल्यांना नवा आधार शोधावा लागला.

८. बंद करायची कमांड आधी लिहा

प्रत्येक ऑफलोड एकेक करून चालू करायचा, प्रत्येकाची बंद करायची कमांड रॅकच्या दारावर चिकटवून ठेवायची. फर्मवेअर बदललं की सगळं पुन्हा मोजायचं. सर्व्हरवर उत्तम चालणारा एलआरओ राउटरवर घातक ठरतो, कारण तो आलेली पॅकेटं अशी जोडतो की मूळ तुकडे परत मिळत नाहीत. लिनक्स पॅकेटं पुढे पाठवायचं काम सुरू करताच तो स्वतः बंद करतं, पण प्रत्येक डबा इतका समजूतदार नसतो.

९. कुंभाचा हिशोब वेगळा आहे

मागच्या सिंहस्थाचं नाशिकचं पहिलं शाही स्नान २९ ऑगस्ट २०१५ला झालं. तेव्हा यूपीआय नव्हतं, ते २०१६च्या एप्रिलमध्ये आलं. जिओची सेवाही त्याच वर्षीच्या सप्टेंबरची. म्हणजे रामकुंडावर चहा घेऊन क्यूआर स्कॅन करणारी, घाटावरूनच घरी व्हिडिओ कॉल लावणारी गर्दी या शहराच्या नेटवर्कने सिंहस्थात अजून पाहिलेलीच नाही. येत्या सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे.

माझ्या मते ऑपरेटर चुकीच्या गोष्टीची तयारी करतायत. सगळे वरची लाइन वाढवायच्या बोलण्यांत आहेत. लाइन लागेलच. सीसीटीव्हीच्या अखंड धारा चिप हसत हसत वाहील, त्यांची मला काळजी नाही. पण पंचवटीतल्या लॉजमध्ये एकाच वायफायवर रोज नवी माणसं, प्रत्येकाचा फोन जोडला जाताच डझनभर अ‍ॅप एकदम जागे, प्रत्येक पैसे देण्यामागे डीएनएसची विचारणा आणि नवी कोरी जोडणी. यातला प्रत्येक व्यवहार काही किलोबाइटचा. मेगाबिटच्या ग्राफवर तो दिसणारही नाही, आणि प्रत्येकाचं पहिलं पॅकेट प्रोसेसरकडेच जाईल. तिथे सेकंदाला किती नव्या जोडण्या झेपतात, हा आकडा महत्त्वाचा; तो बहुतेकांच्या ग्राफवर आजही नाही.

तेव्हा पंचवटी, नाशिक रोड, त्र्यंबकेश्वर भागात नेटवर्क चालवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. येत्या नवरात्रात कालिका यात्रेच्या गर्दीत आपापल्या राउटरवर तीन आकडे टिपा: सेकंदाला पॅकेटं, सेकंदाला नव्या जोडण्या, आणि सर्वांत दमलेल्या कोअरची टक्केवारी. डीएनएस आपल्या घरात आणा, वेगाची मर्यादा ओएलटीवर न्या, चिपच्या तक्त्याचा तळ तपासा. त्यानंतरही आकडे पुरत नसतील तरच नवा डबा घ्या, आणि तो पावसाळ्याआधी लावून किमान दोन महिने चालू द्या.